निवडणूक नसलेल्या गावाचे उमेदवार

1963 साली यशवंतराव चव्हाण नाशिकच्या मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. चिनी आक्रमणानंतरचा तो काळ. संरक्षणमंत्र्यापुढे उमेदवार उभा न करण्यात औचित्य होते. पण तो प्रसंगाचा अपवाद होता. देवळाली कॅम्पात आज जे चालले आहे ते पाहता, मतदाराला काहीच न विचारणे हाच तेथील नियम होऊन बसला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

हकीकत थोडक्यात अशी. देवळालीच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाची निवडणूक 2015 च्या जानेवारीत झाली. त्या सभासदांची मुदत दोनदा वाढवून 2021 च्या फेब्रुवारीत संपली आणि देशातील इतर छावण्यांप्रमाणे येथेही तीन माणसांचे बोर्ड आले : लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक. 2023 च्या फेब्रुवारीत 30 एप्रिल ही मतदानाची तारीख जाहीर झाली. इच्छुकांच्या अंगात वारे शिरले. आणि 17 मार्च रोजी सरकारने ती निवडणूकच रद्द केली!

सरकारच्या या धरसोडीचा निषेध करावा तेवढा थोडाच. परंतु आमचा आजचा रोख सरकारवर नाही. तो इच्छुकांवर, आणि त्यांच्याहून अधिक आमच्याच सुशिक्षित वर्गावर आहे. ज्यांना तारीख असताना लोकसेवेवाचून चैन पडत नव्हते, त्यांना तारीख जाताच लोकांचा विसर कसा पडतो?

याचे कारण आमच्या मते असे की, निवडणुकीची आखणी म्हणजे काय याची कल्पनाच मुळात विपरीत झालेली आहे. कोणत्या वॉर्डात कोणत्या जातीची किती मते, कोणाचे तिकीट कोणाकडून कापावयाचे, हळदीकुंकवाला वाण कोणते द्यावयाचे, देवदर्शनाच्या गाड्या किती सोडावयाच्या, एवढ्यावर ही आखणी संपते. ती मतदानाच्या दिवसाची आखणी होय. निवडून आल्यानंतरच्या पाच वर्षांची नव्हे. मुलीच्या लग्नात मांडवाचा हिशेब चोख ठेवावा आणि वराची चौकशी मात्र करू नये, तशातला हा प्रकार आहे!

वास्तविक कॅन्टोन्मेंटच्या उमेदवाराला इतरांहून अधिक अभ्यास हवा. 2006 च्या कायद्याप्रमाणे देवळालीसारख्या मोठ्या छावणीच्या बोर्डात लोकनियुक्त सभासद आठ, आणि त्यांच्यासमोर अध्यक्ष धरून सरकारी व लष्करी सभासदही आठच. अध्यक्ष हा ठाण्याचा लष्करी अधिकारी. आमदार-खासदारांना बैठकीचे निमंत्रण असते, पण मत नसते. म्हणजे ‘आमदार आमच्या पाठीशी आहेत’ या फलकावरील वाक्याची बोर्डाच्या टेबलावर किंमत शून्य! तेथे जो काही प्रभाव पडेल तो मुद्देसूद बोलणाऱ्याचा, आकडे तोंडपाठ असणाऱ्याचा आणि आठांची एकी टिकवून धरणाऱ्याचा. लष्करी मालमत्तेबद्दल बोर्डाला सेवाशुल्क कसे मिळते, 2017 साली वस्तु व सेवा कर आल्यावर जकातीच्या जातीचे कर जाऊन छावण्यांच्या तिजोरीचे काय झाले, हे ज्याला सांगता येत नाही त्याने लॅम रोडच्या खड्ड्यांविषयी वचने देऊ नयेत.

आता आमच्या वर्गाविषयी. ‘निवडणूक नाही तेच बरे; साहेबांच्या हाती कारभार असला म्हणजे रस्ते तरी झाडले जातात,’ हे उद्गार आम्ही पदवीधरांच्या दिवाणखान्यांत ऐकले आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो : 1882 साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा कारभार सुधारण्यापेक्षा लोकांचे राजकीय शिक्षण हा हेतू त्याने अग्रभागी ठेवला होता. परकीय व्हाइसरॉयला जे कळले ते स्वतंत्र भारतातील पदवीधराला कळू नये काय? साहेब चांगला असेलही. पण त्याची बदली होते, आणि आपण मात्र येथेच राहतो. शेजारच्या नाशिक महानगरपालिकेची मुदतही 2022 च्या मार्चमध्ये संपून प्रशासक आला, आणि राज्यातील रखडलेल्या निवडणुका घ्या असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 च्या मे महिन्यात फर्मावावे लागले. मागणारे गप्प बसले की देणारे विसरतात, हा सृष्टिनियमच आहे.

‘निवडणूकच नाही तर आखणी कसली?’ असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की, खरी आखणी याच काळात करावयाची असते. छावणीच्या मतदारयादीत नाव यावयास अठरा वर्षे वयाबरोबर निदान सहा महिन्यांचे वास्तव्य लागते. तेव्हा इच्छुकाने आजच घरोघर जाऊन सुटलेली नावे टिपावी. बोर्डाचे अंदाजपत्रक मागवून ते सोप्या मराठीत छापून वाटावे. दर महिन्यास एक उघडी सभा घ्यावी आणि प्रश्नांना लेखी उत्तरे द्यावी. सर्वांत मोठा प्रश्न तर दाराशीच उभा आहे. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थांत मिळवण्याचे धोरण सरकारने पुढे केले. 2023 साली हिमाचलातील खास योलची छावणी त्याप्रमाणे रद्दही झाली. देवळालीने छावणीतच राहावे, नाशकात जावे की भगूरशी जोडले जावे? घरपट्टी, पाणी, जमिनीचे हक्क, सारेच या उत्तरावर अवलंबून. ज्या इच्छुकाला यावर मत नाही तो उमेदवार नव्हे. तो फलकावरचा फोटो आहे.

मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत या कॅम्पात कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांचे डोके फिरे, म्हणून ‘डूलॅली’ हा वेडाचा शब्द इंग्रजीत रूढ झाला. आजचे आमचे इच्छुकही तारखेची वाट पाहत बसले आहेत. त्या बिचाऱ्या शिपायांना वाट पाहण्यावाचून दुसरे कामच नव्हते. यांना मात्र पुष्कळ आहे. ते काम जो आज करील त्यालाच आम्ही उद्या मत देऊ; आणि जो तारखेनंतर उगवेल त्याला, वाण कितीही भारी असले तरी, दारातूनच परत पाठवू, असा निश्चय देवळालीच्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने केला, तर उमेदवारांची आखणी आपोआप सुधारेल.