फुकटच्या कुलपाची किंमत

बँकेचा व्यवहार असो वा रेल्वेचे आरक्षण, इंटरनेटवरून जाणारा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात पाठवावा लागतो. हे काम बहुतेक प्रोग्रॅम ‘ओपनएसएसएल’सारख्या मुक्त लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांना विनामूल्य दिलेल्या तयार भागावर सोपवितात. जे फुकट मिळते ते फुकट टिकतेही, हा समज त्यातूनच रूढ झाला आहे.

तो किती भ्रामक आहे हे एप्रिल २०१४ मध्ये उघड झाले. ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष या लायब्ररीत २०१२ पासून होता आणि त्यामुळे सर्व्हरमधील पासवर्ड व गुप्त किल्ल्या परक्याच्या हाती लागू शकत होत्या. जगभरचे व्यवहार ज्यावर विसंबून होते, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या होत्या! गावविहिरीचे पाणी सारे भरतात, गाळ उपसायला मात्र कोणी येत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी हात सैल केला.

तथापि दुरुस्ती निघणे आणि ती अमलात येणे या भिन्न गोष्टी आहेत. ओपनएसएसएलच्या १.०.२ या आवृत्तीची सार्वजनिक देखभाल २०१९ अखेर थांबली, १.१.१ ची सप्टेंबर २०२३ मध्ये. नव्या आवृत्तीकडे जायचे तर जुने प्रोग्रॅम अनेक ठिकाणी बदलावे लागतात, पुन्हा तपासावे लागतात. हा खर्च आज दिसतो. टळलेली चोरी मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. साहजिकच चालढकल होते.

शिवाय चालढकल करणारा एक आणि भोगणारा दुसरा. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ने २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या अशाच मुक्त घटकाची मार्चमध्ये उपलब्ध झालेली दुरुस्ती वेळेत केली नाही. मे महिन्यापासून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. त्या लोकांना या निर्णयात काहीच आवाज नव्हता. जेथे नुकसान परभारे दुसऱ्यावर ढकलता येते, तेथे बाजार आपण होऊन शहाणा होत नाही.

भारतात ‘सर्ट-इन’ने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे योग्यच झाले. परंतु यादी हे निदान आहे, उपचार नव्हे. घटक जुना झाल्यावर तो कोणी, किती मुदतीत व कोणाच्या खर्चाने बदलावयाचा, हे निदान सरकारी खरेदीच्या प्रत्येक करारात लिहिले गेले पाहिजे. कुलूप फुकट मिळाले तरी ते गंजू न देण्याची जबाबदारी घरमालकाचीच असते.