बोट आहे, पेट्रोल कुठाय?

१. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बुडाला, टँकर अडकले, कोल्हापुरातल्या पंपांवर खडखडाट झाला. उरलेलं इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं. बोट, जनरेटर, ॲम्ब्युलन्स या सगळ्यांची तयारी तिथे येऊन थांबते. म्हणून पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावात इंधनाचा छोटा, कायदेशीर साठा हवा.

२. ‘परवानगी मिळत नाही’ ही सबब चालणार नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला परवाना लागत नाही. फक्त कुठलीही एक टाकी हजार लिटरपेक्षा मोठी नको. पेट्रोलला सूट कमी: विक्रीसाठी नसलेलं ३० लिटर, तेही घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या कॅनमध्ये. पाण्याच्या प्लास्टिक कॅनला ही सूट नाही. बचावकामात सतत पळणाऱ्या बोटीला ३० लिटर पुरायचे नाहीत, हे खरं. मग तालुक्याच्या ठिकाणी रीतसर परवाना काढून मोठा साठा करा. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे.

३. जागा उंचावरची हवी. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात बुडाले. माणसांनी जिन्यावर रांग लावून हातोहात डिझेल वर पोचवलं. एवढं करूनही रुग्णालय रिकामं करावं लागलंच. आपल्याकडेही जनरेटर चौथऱ्यावर आणि डिझेलचं बॅरल खाली मागच्या पडवीत, हे चित्र नवं नाही. अर्धी रिकामी टाकी पुरात तरंगते आणि पाइप उखडते, म्हणून ती काँक्रीटमध्ये बोल्टनं जखडा.

४. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत पुढच्या खोलीतल्या ठिणगीपर्यंत जाते. त्यामुळे साठ्याच्या खोलीला खालच्या बाजूलाही झरोके हवेत. आत स्विच, इन्व्हर्टर, मोबाइल चार्जर काही नको. कॅन भरताना तो गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवायचा, नोझल तोंडाला टेकवून, आणि गळ्यापर्यंत भरायचा नाही. रिकामा झालेला कॅनही तितकाच जपायचा. आत वाफ असतेच.

५. इंधन शिळं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतली ओल ओढतं. डिझेलच्या तळाशी पाणी साचलं की जंतू वाढून चिकट गाळ होतो आणि ऐन वेळी फिल्टर तुंबतो. उपाय साधा आहे: दर दोन-तीन महिन्यांनी जुनं इंधन घंटागाडीत, ट्रॅक्टरमध्ये वापरायचं, नवं भरायचं, कॅनवर तारीख लिहायची. पंचायतीला खरी धास्ती लेखापरीक्षणातल्या आक्षेपाची असते. आवक-जावक लिहिलेली नोंदवही ठेवली तर तीही उरत नाही.

६. घरोघरी साठे मात्र करू नका. माळ्यावर पेट्रोलच्या बाटल्या ठेवणारा शेजारी पुराआधीच गल्ली पेटवेल.

७. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. ठरावावर थांबू नका. कॅन, तारीख आणि खोलीची किल्ली कुणाकडे आहे, हे तिथंच दाखवायला सांगा.