यंत्राला दोष देण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी ओळखीचे एक गुरुजी सहकुटुंब दवाखान्यात आले. चौघांनाही जुलाब, पोटात कळा, अंगात ताप. आजींना जुना मधुमेह. त्यांची जीभ कोरडी पडलेली, नाडी जलद. सलाईन लावावे लागले. आदल्या रात्री काय खाल्ले, असे विचारताच गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाहेरचे काहीच नाही. नवा एअर फ्रायर घेतलाय. त्यातली कोंबडी, तीही चमचाभर तेलात!"

हल्ली 'तेल नाही म्हणजे पथ्याचे' अशी समजूत झाली आहे. एअर फ्रायर म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टीच. गरम हवा जोराने फिरते आणि पदार्थ बाहेरून खरपूस होतो. मोठा चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. तळण टळले तर वजन आणि कोलेस्टेरॉलवाल्यांचा फायदाच, हे मी नाकारत नाही.

पण खोदून विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "सकाळी दहालाच दही-मसाला लावून ओट्यावर झाकून ठेवली होती. रात्री आठला यंत्रात घातली." म्हणजे दहा तास, तेही आमच्याकडच्या मे महिन्यात! कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. दही, लिंबू, हळद लावल्याने ते मरतात हा भ्रम आहे. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंचे विष तर नंतर शिजवूनही जात नाही. तेव्हा मसाला लावलेली कोंबडी फ्रिजमध्येच मुरवावी, झाकून, खालच्या कप्प्यात, म्हणजे तिचे पाणी भाजी-दुधावर गळणार नाही. (भारनियमनात फ्रिज चार-सहा तास बंद राहिला असेल, तर नुसत्या फ्रिजच्या भरवशावर राहू नये.)

शिवाय पाहुणे येणार म्हणून यंत्राची टोपली तुडुंब भरलेली. तुकडे एकमेकांना चिकटले की हवा फिरत नाही. वरून तांबूस, हाडाजवळ कच्चे. तुकडे एका थरात ठेवावेत, मध्ये एकदा उलटावेत. मांसाचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो. यंत्र घेणाऱ्याने तोही घ्यावा, कारण नुसत्या रंगावरून खात्री होत नाही. उरलेला कच्चा मसाला शिजलेल्या तुकड्यांवर ओतणे तर साफ चूक. नळाखाली कोंबडी खळखळून धुणेही टाळावे. जंतू धुतले जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. हात आणि सुरी मात्र साबणाने धुवावी.

रक्तदाबवाल्यांसाठी आणखी एक. तेल वाचवून तयार मसाल्याची पुडी सढळ हाताने ओतली, तर मीठ वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पुडीवरचे बारीक अक्षर आम्ही वाचतो कुठे!

आजी तिसऱ्या दिवशी हिंडू-फिरू लागल्या. पंधरा दिवसांनी गुरुजी भेटले, म्हणाले, यंत्र माळ्यावर टाकले. मी म्हटले, खाली काढा, त्याचा काय गुन्हा? त्यांनी काढलेही. फ्रिजमधला खालचा कप्पा मात्र अजून रिकामा व्हायचा आहे. तिथे शीतपेयाच्या बाटल्या आहेत.