समाजशास्त्रात एम.ए. केलं, पुढे काय?



मलकापुरात समाजशास्त्र घेतलेल्या पोराला घरचे विचारतात, नोकरी कुठली? प्रश्न रास्त आहे. 'ज्ञान महत्त्वाचं' म्हणून चूल पेटत नाही. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर झिजणारे आपले कितीतरी आहेत. नेट द्याच, पण जेआरएफसाठी, पीएच.डी.ला बार्टीची फेलोशिपही आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाला समाजशास्त्र वैकल्पिक विषय आहेच. रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या जागेला मात्र बहुतेकदा एमएसडब्ल्यू मागतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा.

आमचं मत विचाराल तर सर्वेक्षणाचं काम शिका. मलकापूर चोवीस तास मीटरने पाणी देणारं गाव म्हणून देशभर गाजलं. त्या मीटरचं बिल कुठल्या वस्तीला जड जातं, हे प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणाराच सांगेल. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला, तोही मानववंशशास्त्राच्या वर्गात. सामाजिक संस्था असं काम पगार देऊन करून घेतात, फक्त एक्सेल आणि इंग्रजीत अहवाल लिहिणं यायला हवं. आज वस्तीत फिरून माहिती आपली पोरं गोळा करतात, अन् अहवालावर नाव दुसऱ्याचंच लागतं.