वायफायची वही

निरा डाव्या कालव्यावर आजोबांची जमीन होती. पाळीचं पाणी कधी सुटलं, कधी तोडलं, हे पाटकरी वहीत लिहायचा. भांडण लागलं की आधी वही, मग काठी, असं आजोबा म्हणायचे. मी बारा वर्षं बारामती-इंदापुरात वायफाय बसवतोय. आमच्या धंद्यात थेट काठीच निघते. नेट गेलं की कंपनीला शिव्या, नाहीतर मला.

वही नसते असं नाही. कोणता फोन कधी जोडला, कधी सुटला, कुणाचा पासवर्ड चुकला, हे प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. पण स्वस्तातल्या पेटीत तो रॅममध्ये असतो. लाइट गेली की पुसला. आणि आमच्याकडं लाइट जाते हे वेगळं सांगायला नको.

इंदापुरातल्या एका अभ्यासिकेत रोज संध्याकाळी नेट जायचं. पोलीस भरतीची पोरं वैतागली होती. मी दोन वेळा पेटी बदलली. लॉग उघडावा तर त्यात फक्त पेटी सुरू झाल्यानंतरच्या ओळी, तारीख १ जानेवारी १९७०. घड्याळ लागलं नाही की या पेट्या त्याच दिवशी जाग्या होतात.

शेवटी अभ्यासिकेच्या ऑफिसातला जुना पीसी इन्व्हर्टरवर घेतला, त्यावर नोंदी गोळा करणारं सिसलॉग बसवलं आणि पेटीच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता टाकला, पोर्ट ५१४. नोंदीच्या पातळ्या शून्य ते सात अशा आठ. सातवर ठेवलं तर पेटी नको तेवढं बडबडते, म्हणून सहा. या नोंदी साध्या पोस्टकार्डासारख्या जातात. पोचल्या का, कुणी विचारत नाही. वाटेत कुणीही वाचाव्यात. त्यामुळं त्या इमारतीबाहेर धाडू नयेत.

आठवडाभरात दिसलं. रोज १२:४० ला ओळी थांबायच्या आणि मिनिटाभरानं पेटी नव्यानं सुरू झाल्याची नोंद यायची. दुपारी तर तक्रार कुणाचीच नव्हती! मग ट्यूब पेटली. पेटीचं घड्याळ मी नेटवरून जुळवलं होतं, पण ते जागतिक वेळेवर होतं. साडेपाच तास मिळवले की ६:१०. त्याच वेळी वरची टाकी भरायला बोअरची मोटर सुरू व्हायची, व्होल्टेज पडायचं आणि अ‍ॅडॉप्टर मान टाकायचा. पेटीही इन्व्हर्टरवर घेतली. दोन पेट्यांचे पैसे मात्र उगाच गेले.

म्हणून माझं म्हणणं आहे की ग्रामपंचायत असो, कॉलेज असो वा अभ्यासिका, वायफायच्या वर्क ऑर्डरमध्ये लॉग बाहेर साठवण्याची आणि घड्याळ जुळवण्याची अट हवीच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. पण मला आलेल्या एकाही ऑर्डरमध्ये त्याचा शब्द नव्हता. किती एमबीपीएस आणि रेंज गेटपर्यंत येते का, एवढंच विचारतात. लॉग ठेवायला जुना पीसी पुरतो, बिलात तो दिसत नाही. बहुतेक म्हणूनच कुणी मागत नाही.

मागणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. त्या अभ्यासिकेत एक गृहस्थ आले. “तुमच्या कॉम्प्युटरात सगळं कळतं म्हणे. आमची पोरगी किती वाजता येती, किती वाजता जाती, तेवढं सांगा.” मी म्हटलं, “मामा, ही वही फॉल्ट शोधायला आहे. पोरीचं पोरीलाच विचारा.” हल्लीचे फोन आपला खरा पत्ता लपवतात, त्यामुळं ते कळलंही असतं की नाही कोण जाणे, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. ते रागानं गेले.

नंतर आठवलं, त्या पीसीला पासवर्डच नव्हता. ठेवायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. त्याच रात्री गाडी काढून परत इंदापूरला गेलो.