कोटणीसांना हार घालून झाला असेल, तर त्यांच्याकडून एक गोष्ट शिकूया

जयंती आली की हार, पुण्यतिथी आली की हार. चीनचं शिष्टमंडळ आलं की फोटो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, याचा अभिमान आपल्याला आहेच, असायलाच पाहिजे. पण मित्रहो, हा माणूस नेमका कशामुळं मोठा झाला, हे कधी नीट विचारलंय का आपण?

१९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. चौघं परत आले. कोटणीस तिथंच राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय अवघं ३२. शस्त्रक्रिया त्यांनी खूप केल्या. पण तेवढंच नाही. हा सोलापूरचा पोरगा चिनी भाषा शिकला. जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलला, तिथल्या पोरांना त्यांच्या भाषेत डॉक्टरकी शिकवली. बॉम्ब पडतायत, औषधं नाहीत, अशा वेळी त्यांनी म्हणायला हवं होतं, "भाषाबिषा नंतर बघू, आधी ऑपरेशन." ते तसं म्हणाले नाहीत. कारण पेशंट काय सांगतोय हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे, हे त्यांना माहीत होतं.

आता आपल्या गावाकडं या.

सोलापूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी दहा वाजता उभं राहा आणि फक्त कान उघडे ठेवा. पूर्व भागातली विडी वळणारी बाई तेलुगूत बोलतेय. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचा म्हातारा कन्नडमध्ये. कुणी दखनीत, कुणी लमाणीत, आणि उरलेले आपल्या मराठीत. ती मराठीही पुस्तकातली नव्हे. टेबलापलीकडं बसलेला तरुण डॉक्टर कदाचित राजस्थानचा, कदाचित केरळचा. सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पीजीच्या ५० टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात. त्या पोराचा यात काही दोष नाही. तो रात्रभर जागून ड्युटी करतोय. त्याला कुणी शिकवलंच नाही, हा दोष व्यवस्थेचा.

बाई म्हणते, "अंगावरनं जातंय." दुसऱ्या बाकावरचा म्हणतो, "वडिलांच्या अंगावरनं वारं गेलं." शब्द जवळपास तेच. पण पहिली स्त्रीरोगाची तक्रार आहे आणि दुसरा अर्धांगवायू. दुसऱ्यात तर एकेक मिनिट मोलाचं. "दिवस गेलेत" म्हणजे काय? "उन्हाळी लागलीय" म्हणजे काय? "कावळा शिवला", "जीव घाबरतोय", "कसंतरीच होतंय" यांचं काय करायचं? हे कुठल्या टेक्स्टबुकात आहे? मराठी माध्यमात शिकलेल्या शहरी पोरालाही यातलं निम्मं कळत नाही, मग बाहेरच्याला काय कळणार?

आणि उलट्या बाजूनंही बघा. डॉक्टर टीबीच्या पेशंटला सांगतो, सहा महिने गोळ्या घ्या. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. पेशंट म्हणतो, "बरं वाटतंय," आणि गोळ्या बंद. "बरं वाटणं" आणि "बरं होणं" यातला फरक त्याला त्याच्या भाषेत कुणी समजावलाच नाही. पुढं तोच आजार औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो, घरातल्या लेकराला लागतो. आपण म्हणतो, अडाणी आहेत, ऐकत नाहीत. खरंच ऐकत नाहीत, की त्यांना कळेल असं कुणी सांगत नाही?

आता मुद्द्यावर येतो. भाषा, साहित्य, नाटक, सिनेमा, समाजशास्त्र हे सगळं आपण "आर्ट्स" म्हणून बाजूला टाकलंय. दहावीला मार्क पडले की सायन्स, नाही पडले की आर्ट्स. घराघरात हीच समजूत. नीटच्या क्लासला लाख-लाख रुपये, आणि पोरगं गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलं तर "अभ्यास कर". अशी दोन वर्षं नुसता फिजिक्स-केमिस्ट्री-बायो घोटलेला मुलगा पुढं माणसांसमोर बसणार आहे, हे आपण विसरतो. आजार पुस्तकात असतो. दवाखान्यात माणूस येतो, तो आजाराबरोबर भीती, कर्ज, लाज, देवऋषी, सासू आणि उद्याची हजेरी घेऊन येतो. हे वाचायचं शिक्षण बायोलॉजीत मिळत नाही.

कुणी म्हणेल, हे पत्रकाराचं स्वप्नरंजन. मग पुरावा घ्या, आपल्याच महाराष्ट्रातला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या किती होत्या? फक्त ८ टक्के. जगाला हे माहीतच नव्हतं, कारण बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. राणीताईंनी बायकांशी त्यांच्या भाषेत बोलून जे ऐकलं त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'कानोसा'. त्यांच्या शोधग्राममधलं रुग्णालय आदिवासींना विचारून झोपड्यांसारखं बांधलं, नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. कारण मोठ्या पांढऱ्या इमारतीची लोकांना भीती वाटायची. याला विज्ञान म्हणायचं की समाजशास्त्र? मी म्हणतो दोन्ही, आणि दोन्ही होतं म्हणूनच काम झालं.

आपल्या मातीतही याची उदाहरणं काय कमी आहेत? डॉ. जब्बार पटेल पंढरपूरला जन्मले, सोलापुरात शाळा शिकले, बालरोगतज्ज्ञ झाले आणि १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' उभं केलं. त्यात नाना फडणवीस झालेले डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. 'देवराई'त स्किझोफ्रेनियाचा पेशंट उभा करणारा अतुल कुलकर्णी याच गावच्या हरिभाई देवकरण प्रशालेचा. तो सिनेमा बघून किती घरांना पहिल्यांदा कळलं असेल, की आपल्या पोराला बाहेरचं काही लागलेलं नाही, तो आजारी आहे. आणि २००४ चा 'श्वास' आठवा. नातवाचे डोळे काढावे लागणार, नाहीतर कॅन्सर जीव घेणार. डॉक्टरचं निदान बरोबर, उपचार बरोबर. तरी सगळा सिनेमा एकाच प्रश्नावर उभा आहे. हे त्या पोराला सांगायचं कुणी आणि कसं? हा प्रश्न आपल्या दवाखान्यांत रोज उभा राहतो. त्याची प्रॅक्टिस कुठं होते?

आता नेहमीचा आक्षेप. "ओपीडीत दीडशे पेशंट, डॉक्टरला वेळ कुठाय?" खरं आहे. डॉक्टर कमी आहेत, खाटा कमी आहेत, त्यासाठी भांडलंच पाहिजे आणि भांडूच. पण वेळेचा हिशेबही ऐका. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो. मग २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उलटा प्रयोग झाला. डॉक्टरांनी मध्ये बोलायचंच नाही, पेशंटला संपवू द्यायचं. ३३५ पेशंट. सरासरी किती वेळ लागला? ९२ सेकंद. दीड मिनिट! आपल्या ओपीडीत तेही जड जाईल, मान्य. पण न ऐकल्यामुळं चुकलेली तपासणी, परत आलेला पेशंट, दारात झालेली हाणामारी, यात किती तास जातात त्याचाही हिशेब मांडा. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. हल्ला करणाऱ्याला आत टाकलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण "आत काय चाललंय ते कुणी सांगितलंच नाही" या रागावर कलम लावून औषध होत नाही.

कागदावर सगळं आलंय बरं का. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग सक्तीचा आहे. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आहे. प्रश्न इतकाच, की सोलापुरात "स्थानिक भाषा" म्हणजे कुठली? नुसती मराठी धरली तर पूर्व भाग आणि अक्कलकोट कुठं गेलं?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नवीन इमारत नको, कोटींचा निधी नको.

एक. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनीतल्या शंभर तक्रारींची एक छोटी वही करा. कन्नडमध्ये दुखणं म्हणजे नोवु, तेलुगूत नोप्पि. शिकायला किती वेळ लागतो? ही वही आपल्या कॉलेजांतले भाषेचे प्राध्यापक आणि वॉर्डातल्या मावशी मिळून करू शकतात. खरं तर मावशींनाच जास्त येतं.

दोन. गावात हौशी नाटकवाले ढिगानं आहेत. त्यांना पेशंट करून विद्यार्थ्यांसमोर बसवा. वाईट बातमी कशी सांगायची, चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, याची तालीम करून घ्या. तालीम नाटकाला लागते, मग याला नको?

तीन. वर्षातून चार सिनेमे दाखवा, 'श्वास' आणि 'देवराई'पासून सुरू करा. नंतर तासभर चर्चा, त्यात नर्स आणि पेशंटचे नातेवाईकही बसवा.

चार. ओपीडीत तेलुगू आणि कन्नड जाणणारा एक-एक मदतनीस. सकाळचे चार तास.

यातलं काय अवघड आहे? मेडिकल कॉलेज, विद्यापीठ, महापालिका, आमदार-खासदार, सगळ्यांना विचारतोय. कोटणीसांना युद्धात वेळ मिळाला. आपल्याला शांततेत मिळत नाही?

कुणी डॉक्टर मित्र वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं, तुम्हाला न कळलेला पेशंटचा पहिला शब्द कोणता होता? आणि बाकीच्यांनी लिहा, तुमच्या घरात, तुमच्या बोलीत दुखण्याला काय काय म्हणतात. वहीची सुरुवात इथंच करू. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा. पण पुढच्या जयंतीला हार घ्यायला जाल, तेव्हा सोबत ही वहीही न्यायची, एवढं ठरवा.