चढाचा हिशोब आणि सूर्यास्ताची वेळ



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. हवेत गारवा येतो, रस्ते कोरडे होतात, आणि याच सुमारास आपल्या घरांतील तरुण मुले-मुली सायकलींना तेल घालू लागतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात परदेशांचीही नावे येतात. पोर्तुगालच्या डोंगराळ मुलखातून आठ-दहा दिवस सायकलने हिंडावे, असा बेत एखाद्या घरात निघतो आणि जेवणाच्या ताटावरच वाद पेटतो. वडीलधारे म्हणतात, नवकारसी, चौविहार, कंदमूळत्याग सांभाळून डोंगरात सायकल चालवणे जमणार नाही. एक तर नियम मोडेल, नाहीतर प्रकृती. तरुण म्हणतात, मग आठ दिवस नियमच बाजूला ठेवू. माझ्या मते दोन्ही पक्षांचे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे. डोंगरातील सायकलप्रवासाला सर्वांत आधी लागते ती आपली मर्यादा सकाळीच ठरवण्याची सवय. आणि ही सवय आपल्या आचारात पूर्वीपासून आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे आणि देशावकाशिकही आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची आयुष्यभराची सीमा पहिल्यात. तीच सीमा एका दिवसापुरती किंवा काही काळापुरती आणखी आखडून घेणे दुसऱ्यात. या व्रतांचा हेतू आत्मसंयमाचा आहे, सहलीच्या नियोजनाचा नाही, हे उघड आहे. तरीही ज्या मनाला सीमा आखून घेण्याचे वळण लागले आहे, ते मन डोंगरात फसत नाही. डोंगरात फसतो तो, जो नकाशावरील अंतर पाहून निघतो आणि चढ मोजायला विसरतो.

हा हिशोब अवघड नाही. थोडे सामान लादलेली सायकल सपाटीवर तासाला साधारण १५ किलोमीटर जाते, असे धरावे. बेताच्या सरावाचा मनुष्य तासाभरात सुमारे ३०० मीटर उंची चढतो. म्हणून दर १५ किलोमीटरला एक तास, त्यात दर ३०० मीटर चढाला आणखी एक तास, आणि जी बेरीज येईल तिच्या निम्मा वेळ विसावा, भोजन, पंक्चर आणि दर्शन यांसाठी राखून ठेवावा. डिसेंबरमध्ये जालन्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, नवकारसीची सोडली की हाती दहा तास उरतात. ही दिवसाची जमा. खर्च त्याहून अधिक निघाला, तर मार्ग छोटा करावा. सूर्यास्त पुढे ढकलता येत नाही.

आता हा हिशोब आपल्याच रस्त्यावर लावून पाहू. जालना ते वेरूळ हा दोन दिवसांचा सुंदर प्रवास आहे. पहिल्या दिवशी बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगर, सुमारे ६० किलोमीटर. चढउतार किरकोळ. चार तास चालणे आणि दोन तास विसावा, म्हणजे सकाळी आठला निघालेला मनुष्य दुपारी दोनला मुक्कामी असतो. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी असल्याने हा प्रवास जुन्या रस्त्यानेच करावा लागतो आणि त्यावर मालमोटारींची वर्दळ मोठी असते, म्हणून सकाळचा वेळच बरा. थोडी वाकडी वाट करण्याची तयारी असेल, तर कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शनही या प्रवासात गुंफता येते.

दुसऱ्या दिवसाचे अंतर केवळ ३० किलोमीटर आहे; पण खरा डोंगर त्यात आहे. दौलताबादचा किल्ला मागे टाकला की रस्ता घाट चढून खुलताबादच्या पठारावर जातो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या थोडे वर, तर खुलताबाद आठशेच्याही वर. म्हणजे दोन तास अंतराचे आणि एक तास चढाचा. पुढे वेरूळपर्यंत उतार. ज्यांच्या पायांत अजून बळ उरले असेल, त्यांनी खुलताबादहून म्हैसमाळला जावे. त्याची उंची १०६७ मीटर आहे आणि मराठवाड्यातील सायकलस्वारांची ती आवडती परीक्षा आहे.

वेरूळला पोचल्यावर श्रमाचे सार्थक होते. ३० ते ३४ ही जैन लेणी. त्यांतील ३२ व्या क्रमांकाची इंद्रसभा कितीही वेळा पाहिली तरी मन भरत नाही. वर डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची सुमारे १६ फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्यावरील शिलालेख शके ११५६ चा, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा आहे. त्यात चक्रेश्वर नावाच्या श्रावकाच्या दानाची नोंद आहे आणि डोंगराचा उल्लेख चारणाद्री असा आहे. जे श्रावक त्या काळी येथे आले, ते पायी किंवा बैलगाडीने हाच डोंगर चढून आले असतील. मोटारीतून उतरणाऱ्याला तो डोंगर जाणवत नाही, सायकलवाल्याला जाणवतो. लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग उत्तरेचा : जालना, राजूर, भोकरदन, तेथून अन्व्याचे कोरीव मंदिर पाहून गोळेगावमार्गे अजिंठा. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची येथील दानलेखांत या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत आणि उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ते वसले होते. येथील उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा जो अवशेष मिळाला, तो इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळणारा आहे. आपल्या व्यापाराची मुळे किती लांब पोचली होती, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. या मार्गाची एक खुबी सायकलस्वाराने समजून घ्यावी. अजिंठ्याचा डोंगर दक्षिणेकडे हळूहळू उतरतो आणि उत्तरेकडे, खानदेशाच्या बाजूला, एकदम तुटतो. त्यामुळे जालन्याहून जाताना चढ कळतही नाही आणि फर्दापूरचा घाट उताराचा मिळतो. परत येताना मात्र तोच घाट चढावा लागतो. कर्ज घेताना रक्कम हाती पडते आणि हप्ते पुढे सुरू होतात, तसा हा प्रकार आहे. म्हणून परतीचा चढ सकाळच्या पहिल्या तासांत ठेवावा.

असे दोन-तीन प्रवास पचवल्यावर पोर्तुगालचा विचार करावा; मग तो अवाजवी वाटणार नाही. उत्तरेतील शावेशपासून दक्षिणेतील फारोपर्यंत देशाच्या मध्यातून जाणारा 'राष्ट्रीय मार्ग २' सुमारे ७३९ किलोमीटरचा आहे आणि तो दोरू नदीचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे ओलांडून जातो. तेथे एका दिवसात ६० किलोमीटर आणि १२०० मीटर चढ सहज लागू शकतो. आपला हिशोब लावा : चार तास अंतराचे, चार चढाचे, चार विसाव्याचे, एकूण बारा. डिसेंबरमध्ये तेथे दिवस साडेनऊ तासांचाही नसतो, म्हणून तो बेत अशक्य. मे महिन्यात मात्र सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, त्यामुळे चौविहार पाळूनही वेळ पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या खोऱ्यांत पारा चाळिशी गाठतो. ते महिने टाळावेत.

तेथील आणखी एक गोष्ट नवख्याला फसवते. मारवाँव, मोन्सांतू यांसारखी जुनी गावे संरक्षणासाठी डोंगरमाथ्यावर वसवलेली आहेत. तेथे मुक्काम ठरवला की दिवसाचा सर्वांत कठीण चढ थकलेल्या पायांनी संध्याकाळी चढावा लागतो. मुक्काम पायथ्याशी ठेवावा आणि गाव सकाळी पाहावे. ज्यांना चढ मुळीच झेपत नाही, त्यांच्यासाठी तेथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा केल्या आहेत. व्हिझेऊ शहराजवळची दाँव नदीकाठची वाट ४९ किलोमीटरची आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून या वाटांवर लहान मुले आणि आजी-आजोबाही निभावून जातात.

आहाराचे काय? २०१७ च्या कायद्याने पोर्तुगालमधील सरकारी उपाहारगृहांत पूर्ण शाकाहारी पदार्थ ठेवणे बंधनकारक झाले, तरी खासगी भोजनगृहात बटाटा, कांदा, लसूण सर्वत्र असतात. तेव्हा आपला खाखरा, मुगाचे लाडू, खजूर आणि सुका मेवा हाच भरवसा. किती न्यावे? सायकल, सामान आणि स्वार मिळून ८५ किलो वजन ३०० मीटर वर नेण्यास शरीराचे अडीचशे ते तीनशे कॅलरी अन्न खर्ची पडते, म्हणजे साधारण तीन फुलके. त्यानुसार शिदोरी बांधावी आणि बाकीचे सामान निर्दयपणे कमी करावे. पिशवीतील प्रत्येक अनावश्यक वस्तू प्रत्येक चढावर आपल्यालाच उचलावी लागते. अपरिग्रहाचा अर्थ व्याख्यानात ऐकला तरी तो घाटात लवकर उमगतो.

सायकलविषयी एकच सांगतो. गिअर निवडताना पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे असावे, म्हणजे चढावर पाय हलके आणि जलद फिरतात. जोर लावून गुडघे दुखवू नयेत. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुकानाच्या गादीवर दहा तास बसणाऱ्या आपल्या समाजाला या व्यायामाची गरज आहे. पण घाईने केलेला व्यायाम औषधाच्या चुकीच्या मात्रेसारखा असतो.

मुलींना पाठवावे का, हा प्रश्नही घराघरांत येतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा सायकलवर १५९ दिवसांत पूर्ण केली. प्रत्येकीने तसे करावे असे नाही. परंतु वेरूळपर्यंत चार मैत्रिणींनी जाण्यास हरकत घ्यावी, असे कारण मला दिसत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळांना एक विनंती. सायकलस्वाराला ४०-५० किलोमीटरवर निवारा, शुद्ध भोजन आणि उकळलेले पाणी हवे असते. युरोपला यासाठी नव्या सोयी उभाराव्या लागल्या. आपल्याकडे धर्मशाळा, भोजनशाळा आणि विहारधामे आधीच उभी आहेत. तेथे सायकल ठेवण्यास बंदिस्त जागा, एक हवेचा पंप, पंक्चरचे सामान आणि भोजनाच्या वेळेचा फलक एवढे केले, तरी पुरे; खर्च नगण्य आहे. तरुणांनीही याची परतफेड करावी. पहाटेच्या अंधुक प्रकाशात विहार करणाऱ्या साधू-साध्वींना महामार्गावर वाहनांचा धोका असतो. लुकलुकणारे लाल दिवे आणि चकाकत्या पट्ट्या लावलेले दोन सायकलस्वार त्यांच्या मागे संथ गतीने चालले, तर मागून येणारा वाहनचालक वेळीच सावध होईल. ही सेवाही घडेल आणि रोजचा सरावही.

येत्या हिवाळ्यात घरातील मुलांनी नकाशा पुढ्यात ठेवला, तर त्यांना नकार देण्यापूर्वी शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. अंतर लिहावे, चढ लिहावा, सूर्यास्त लिहावा. बेरीज जमली तर आशीर्वाद देऊन पाठवावे; जमली नाही तर मार्ग छोटा करावा.